माझं बाद झालेलं रक्त

ठाण्याच्या हॉस्पिटलात माझं रक्त काढणारी जी मुलगी होती, तिच्यापासून सुरुवात करते. तिचं आधी सांगितलं नाही तर पुढचं वाचून वाटेल की ही बाई नुसती कुरकुर करते. कुरकुर मी करणारच आहे, पण ती मुलगी नसती तर आज सकाळी भाजी घेऊन मी तीन जिने चढून घरी आले नसते. मधे दोनदा टेकते, पण येते.

ती राहणारी कल्याणची. वय सत्तावीस-अठ्ठावीस, माझ्या सुनेच्या बरोबरीची. डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे, संशोधनाचं काम बघणारी. रक्त काढायची, फॉर्म भरायची, फोन करायची, आणि आमच्यासारख्या बायकांना श्वासाचा पंप कसा ओढायचा ते दहा-दहा वेळा दाखवायची. मी चार वर्षं पंप चुकीचा ओढत होते हे मला तिने सांगितलं. औषध तोंडात मारायचे आणि नाकाने श्वास घ्यायचे. चार वर्षांत किती डॉक्टर झाले, कुणी म्हटलं नाही, "मावशी, ओढून दाखवा बघू." तिने म्हटलं. आणि नंतर माझ्यापायी तिला जे ऐकून घ्यावं लागलं, ते तिने माझ्यासमोर मान खाली घालून ऐकलं. आता काय झालं ते सांगते.

मी पाटण तालुक्यातली. चौथीत होते तेव्हा धाकट्या भावाच्या वेळी आई अंथरुणाला खिळली आणि माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. घरात अकरा माणसं. चूल माझ्या ताब्यात आली. आमच्याकडे पाऊस चार महिने थांबत नाही, लाकडं ओली, फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल. अठराव्या वर्षी लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा स्टोव्ह, मग गॅस. तेव्हा वाटलं, सुटले धुरातून. दम लागायला लागला तो पन्नाशीच्या आसपास. डोंबिवलीतच मानपाड्याच्या एका केटररकडे भाजी निवडायचं काम करायचे, तिथे पोत्याजवळून उठून नळापर्यंत गेलं की छाती भात्यासारखी व्हायची.

मग डॉक्टर. आणि प्रत्येक डॉक्टरचा पहिला प्रश्न तोच.

"बिडी ओढता का?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही."

"मिस्टर ओढायचे?"

आमचे हे सुपारीच्या खांडालासुद्धा शिवले नाहीत. देवमाणूस गेला, आणि त्यांच्यामागे मला प्रत्येक टेबलावर त्यांची साक्ष द्यायला लागते. इतका वैताग यायचा. पुरुषाचा आजार बाईला झाला म्हणजे बाईने काहीतरी लपवलंय, असं बघायचे माझ्याकडे. एकाने तर सुनेला बाजूला घेऊन विचारलं, "सासूबाई लपून ओढत नाहीत ना?" सून ते घरी येऊन हसत हसत सांगते. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

म्हणून ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या मॅडम जेव्हा म्हणाल्या की आम्हाला नेमक्या अशाच बायका हव्या आहेत, तेव्हा मला रडूच आलं. त्या म्हणाल्या, "मावशी, सिगारेट न ओढता, तंबाखू न खाता, फक्त चुलीच्या धुराने ज्यांची फुफ्फुसं गेली, अशा बायकांचं रक्त आम्ही तपासतोय. वर्षभर महिन्यातून एकदा यायचं, रक्त-लघवी द्यायची. तपासणी फुकट, पंप फुकट." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चुलीला कुणी कारण मानलं. आणि खरं सांगायचं तर मला संशोधनाशी काय देणंघेणं, मला पंपाशी. एक पंप महिन्याचा, तो मी तीन महिने पुरवायचे. ज्या दिवशी अगदीच जीव घाबरायचा त्या दिवशी ओढायचे, बाकी दिवस खिडकीत बसून काढायचे. मॅडमच्या कागदावर सही केली त्या महिन्यापासून सकाळी दोन, रात्री दोन, न मोजता ओढायला लागले. पहिल्याच महिन्यात मी देवळापर्यंत चालत गेले.

फॉर्म त्या मुलीने भरला. तिने विचारलं, बिडी, सिगारेट, गुटखा, पानतंबाखू. मी नाही, नाही, नाही म्हणत गेले. शेवटी तिने विचारलं, "अजून काही?" मी म्हटलं, "अजून काय असणार गं? चहा पिते."

ती हसली आणि तिने पुढचं पान उलटलं.

रक्तात काय शोधतात ते मी तिला विचारलं. मला असं विचारायची भीती वाटते. शाळा सुटलेली माणसं विचारत नाहीत, मान डोलावून घरी जातात. पण ती चिडत नाही हे कळल्यावर मी विचारलं. तिने केसपेपरच्या मागे चित्र काढलं. फुफ्फुसात बारीक बारीक फुगे असतात, म्हणाली, आणि प्रत्येक फुग्याभोवती केसाहून बारीक रक्ताच्या नळ्यांची जाळी. श्वासातली हवा त्या जाळीतूनच रक्तात जाते. आता ही जाळी जिवंत ठेवायला शरीर एक घटक तयार करतं. तो नळ्यांना सांगतो, वाढा, टिका. हा घटक कमी पडला की जाळी झडते, आणि जाळी झडली की फुगापण बसतो.

मी म्हटलं, "म्हणजे दोडका वाळल्यावर आत जाळी राहते, तसं?"

"उलट, मावशी. तुमच्या दोडक्यात जाळीच राहत नाही."

"मग माझ्यात तो घटक कमी आहे?"

"तेच तर बघायचंय. ज्यांचे फुगे फाटलेत त्यांच्या फुफ्फुसात कमी सापडतो. ज्यांना कफ जास्त, त्यांच्यात कधीकधी उलटा वाढलेला असतो. आजवर बघितलं ते जास्त करून सिगारेटवाल्या पुरुषांमध्ये. चुलीवाल्या बायकांचं कोण बघणार?"

"माझा किती निघाला, ते सांगशील ना?"

"नाही सांगता येणार. तुमच्या बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो. कुणाचा आकडा किती, ते मलाच कळत नाही."

आता ह्याला काय म्हणायचं? रक्त माझं, घटक माझा, आणि मला सोडून सगळ्यांना कळणार. साध्या लघवीचा रिपोर्टसुद्धा गल्लीतल्या लॅबवाला पाकिटात घालून देतो. मी दर महिन्याला विचारायचे, ती दर महिन्याला तेच उत्तर द्यायची. तरी मी खूश होते. माझ्या शिरा सापडत नाहीत, दुसरीकडे तीन-तीन ठिकाणी टोचतात, ही एकदाच टोचायची आणि वर म्हणायची, "सॉरी हं मावशी." मला रक्त काढताना सॉरी म्हणणारी पहिलीच.

तिसऱ्या महिन्यात तिचा फोन आला. आवाज वेगळाच.

"मावशी, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही तंबाखू खाता का?"

"नाय गं. किती वेळा सांगू?"

"कधीतरी? पानातून?"

"अगं नाय म्हणते ना."

"तुमच्या नंबरच्या लघवीत तंबाखूचा अंश आलाय, मॅडमनी यादीतून नाव काढलं. बराच आलाय. परत एकदा द्यायला याल? आणि ह्या महिन्याचे पंप... मॅडम म्हणाल्या, आधी हे मिटू दे."

फोन ठेवला. घरात कुणाला सांगितलं नाही, सुनेला तर नाहीच. डॉक्टरच्या एका प्रश्नावर महिनाभर हसणारी ती, हे ऐकून गावभर करेल. पंप अर्धा उरला होता. पुन्हा रोज सकाळी दोनाचा एक केला, रात्रीचा बंद केला. आणि संताप. ह्यांनी बाटल्या बदलल्या असणार, दुसरं काय. नंबर टाकतात ना, नाव टाकत नाहीत. कुठल्यातरी गुटखेवाल्याची लघवी माझ्या नावावर लावली आणि मला खोटारडी ठरवलं. काय काय बोलायचं ते मी बसमध्ये पाठ करत गेले. मानपाड्याहून ठाण्याच्या खोपट स्टँडपर्यंत माझं भाषण तयार झालं.

हॉस्पिटलात पोचले तर मॅडम राउंडवर. बसा म्हणाले. मी उपाशीपोटी गेले होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण तपासणी म्हटली की आम्ही जेवत नाही. तासभर बसले. छातीत धडधड, पोटात कळ, डोकं जड. असं झालं की माझा एकच उपाय. पिशवीतली डबी काढली, बेसिनपाशी गेले, बोटावर मशेरी घेतली आणि दाताला लावली. गावाकडे आम्ही मिसरी म्हणतो. माझी आई लावायची, आजी लावायची, सासू लावायची. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दुपारी लावल्याशिवाय डोकं चालत नाही. दात घासतात तसंच ते.

बोट तोंडात आणि आरशात मागे ती मुलगी.

"मावशी, काय लावताय?"

मी चूळ भरली. "काय म्हणजे? मशेरी."

तिने डबी उचलली. नाकाशी नेऊन वास घेतला.

"मावशी, मशेरी म्हणजे तंबाखूच ना."

"तंबाखू कुठं गं? भाजलेली आहे की."

"भाजली म्हणून काय झालं?"

"अगं, भाजल्यावर जळून जातं त्यातलं सगळं. काळी होते पार. कोळशाने दात घासतात तसं. आणि ही खायची नसते, थुंकायची असते. मी खाते कुठं?"

मला मनापासून वाटत होतं की ह्या पोरीला काही कळत नाही. शिकलेली, पण कल्याणच्या फ्लॅटात वाढलेली, हिला मशेरी काय माहीत. मी तिला समजावून सांगू लागले. कल्याणच्या बाजारात पानं चांगली मिळतात, ती आणायची, तवा लाल होईपर्यंत तापवायचा, पानं टाकायची, काळी पडली की कुटायची. गल्लीतल्या सात-आठ जणींची मीच भाजते. माझ्यासारखी कुणाला जमत नाही, एकतर कच्ची ठेवतात नाहीतर राख करतात.

"तुम्ही भाजता?" तिने विचारलं. "कुठे?"

"मागच्या पॅसेजमध्ये. दर रविवारी. लई ठसका उठतो बाई, वरच्या मजल्यावरची माणसं दारं लावून घेतात."

ती तिथल्या स्टुलावर बसली. कपाळाला हात लावला.

"मावशी, तुम्ही मला सांगितलं होतं, धूर सुटून पस्तीस वर्षं झाली."

"चुलीचा सुटला की."

हे बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. रविवारी रात्री मला नेहमी जास्त दम लागायचा. मी सोमवारी कामावर खाडा करायचे आणि सुनेला सांगायचे, काल मटण झालं ना, ते पचलं नाही.

मॅडम आल्या. त्या मला रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्या तिला म्हणाल्या, "फॉर्म कुणी भरला?"

"मी, मॅडम."

"मशेरी विचारली होती?"

मी मधे पडले. "तिने विचारलं होतं मॅडम, अजून काही आहे का म्हणून. मीच नाय म्हटलं."

"मी 'अजून काही' म्हटलं," ती म्हणाली, "मशेरी म्हटलं नाही. नाव घेऊन विचारायला हवं होतं. माझी चूक आहे."

"साताऱ्याकडची बाई समोर बसली आहे आणि तू मशेरी विचारत नाहीस? बाकीच्या किती जणींना विचारली नाहीस?"

तिने मान खाली घातली. मला जमीन फाटावी असं वाटलं. मॅडमनी मला समजावलं की तंबाखूतला अंश स्वतःच तो नळ्या वाढवणारा घटक खालीवर करतो. मग माझ्या रक्तात जे निघालं ते चुलीचं की मशेरीचं, कसं ओळखणार? माझं तीन महिन्यांचं रक्त बाद. आणि हा गट तंबाखूला न शिवलेल्या बायकांचा, त्यामुळे मीपण बाद.

"मग पंप?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही. जाळी, घटक, गट, सगळं गेलं चुलीत. मला परत खिडकीत बसायचं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "संशोधनाचे पंप नाही देता येणार, मावशी. नियम आहे." आणि त्यांचा फोन वाजला.

मी पिशवी उचलून निघाले. पाठ केलेलं भाषण तोंडातल्या तोंडात राहिलं. जिन्यापाशी ती मुलगी धावत आली. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं तिने. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "लिफ्टने चला. खाली छातीची ओपीडी दुपारी एकपर्यंत असते."

तिने स्वतः केसपेपर काढला, माझ्याबरोबर रांगेत उभी राहिली, आतल्या डॉक्टरला सगळं खरं सांगितलं, मशेरीचं आणि भाजण्याचंही. माझ्या केसपेपरवर पहिल्यांदा मशेरी हा शब्द लिहिला गेला. हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीवर तेच पंप मिळतात, दर महिन्याला केसपेपर दाखवून. हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पंप हातात पडले तेव्हा तिचं वरचं काम तसंच पडलेलं, जेवणही राहिलेलं.

पण ती अशी सुखासुखी सोडणारी नाही. "आता अजून एका खोलीत जायचं," म्हणाली. खोलीवर पाटी, व्यसनमुक्ती केंद्र. मी दारातच थांबले.

"मी व्यसनी आहे का गं?"

"मावशी, दोन दिवस डबी माझ्याकडे द्याल?"

मी दिली नाही. तेवढ्यावरूनच कळलं मला. आत गेले तर बाकावर एका बाजूला दारूवाला, दुसऱ्या बाजूला गर्दुल्ला, मधे मी नऊवारीतली. दारूवाला मला म्हणतो, "मावशी, तुम्ही कुणाला घेऊन आलात?" काय सांगणार त्याला.

सोडताना काय हाल झाले ते लिहायची सोय नाही. चार-चार दिवस पोट साफ नाही, डोकं भणभणलेलं, घरात ज्याच्या-त्याच्यावर वसवस. सुनेला शेवटी सगळं सांगितलं, तर ती म्हणते, "अहो आई, मशेरी म्हणजे तंबाखू हे काय सांगायला लागतं? मला वाटलं, तुम्ही डॉक्टरांना सांगितलंच असेल." हिला वाटलं. घरी येऊन हसायच्या ऐवजी त्या डॉक्टरपुढे एवढं एक वाक्य बोलली असती तर? पण तिला तरी काय बोलू. दर रविवारी तोंडाला पदर बांधून फिरायची, आणि मी म्हणायचे, किती नाजूक हिचं.

गल्लीतल्या बायका वेगळ्याच तापल्या. "तू सोडलीस ते ठीक आहे, पण भाजायला काय होतंय?" शेजारीण म्हणाली, "दम लागतो तर नाकाला फडकं बांध की." दोघीतिघींनी बोलणं टाकलं. ती मुलगी मात्र दर बुधवारी फोन करायची. तिच्या कामात हे बसत नाही, मी तिच्या वहीत नाही, नंबरही नाही माझा. "मावशी, किती दिवस झाले?" मी म्हणायचे नऊ. मग एकदा लावली, पुन्हा एकपासून. ती म्हणायची, "बरं, मग आज एक." शाळेत कुणी मला असं पुन्हा एकपासून मोजू दिलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे.

डबी सोडून आता चार महिने झाले. रात्री टेकायला तीन उशा लागायच्या, आता एकच लागते.

पण तिचं काम माझ्यामुळे मागे पडलं. माझी जागा रिकामी, आणि मॅडमनी सगळ्या जुन्या फॉर्मवाल्यांना पुन्हा फोन करायला लावले. प्रत्येकीला नाव घेऊन विचारायचं, मशेरी लावता का. तिने मला हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही. तीन जणी आणखी बाद झाल्या. दोन कोरेगावच्या, एक महाडची.

तेव्हापासून मी शोधते आहे. चुलीपाशी जन्म गेलेली, दम लागणारी, आणि तंबाखूला कुठल्याच रूपात न शिवलेली एक बाई. डोंबिवलीत अशी बाई सापडणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. देवळात विचारते, भाजीवालीला विचारते, केटररकडच्या जुन्या मैत्रिणींना विचारते. सगळ्या म्हणतात, "छे, मी कुठं खाते तंबाखू," आणि हसल्या की दात काळे. मी म्हणते, मशेरी? तर म्हणतात, "ती होय. ती लावते की." डोकं फिरायची वेळ येते. दातांकडे बघूनच आता मी पुढे जाते. मागच्या आठवड्यात पांढऱ्या दातांची एक भेटली, चांगली दम लागणारी, मी हरखले. तिची कवळी निघाली.

गावाला जाईन तेव्हा तिथे विचारेन. माहेरी एक चुलत वहिनी आहे, माळकरी, तिने कधी डबी हातात घेतलेली मला आठवत नाही, आणि अजून तिची चूल पेटते. तिला दम लागतो का ते विचारायला हवं, आणि यायची तयारी आहे का तेही. ती नाही तर दुसरी. मुली, तू हे वाचशील की नाही मला माहीत नाही, पण तुझी रिकामी जागा मी भरून देणार आहे. एक दिवस मी अशी बाई तुझ्यासमोर आणून बसवेन, आणि फॉर्म भरायच्या आधी मशेरीचं मीच तिला तीनदा विचारलेलं असेल.